तारनाक्याच्या घरातली दुसरी डिस्क

लग्न होऊन मी पुण्याहून हैदराबादला, तारनाक्याला राहायला आले आणि थोड्याच महिन्यांत माझा नवरा सिंगापूरला गेला. भांडण-बिंडण काही नव्हतं. त्या दिवसांत जगभरच्या कॉम्प्युटरना दोन हजार साल कसं लिहायचं हे शिकवायचं होतं, आणि त्या कामासाठी हैदराबादची तरुण मुलं विमानं भरभरून बाहेर चालली होती. तोही गेला. घरात राहिलो आम्ही तिघं: सासूबाई, सासरे आणि मी. आणि हॉलच्या कोपऱ्यात, भरतकाम केलेल्या टेबलक्लॉथखाली झाकलेला कॉम्प्युटर.

सासऱ्यांना मी बाबा म्हणत असे. ते रेल्वेतून निवृत्त झालेले. मूळ गाव बिदरकडचं, शेतीभाती वाटण्यांत गेलेली, सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. त्यांचं मराठी ऐकून मला सुरुवातीला गंमत वाटायची. "काय करायलीस बेटा?" "थोडी सबूर धर, परेशान नको होऊस." सासूबाईंनी मात्र नारायणगुड्याच्या मराठी शाळेत जन्मभर शिकवलेलं, त्यामुळे त्यांचं बोलणं शुद्ध, आणि बाबांचं दुरुस्त करायची सवय अजून गेलेली नव्हती.

कॉम्प्युटर नवऱ्याने जायच्या आधी घेऊन दिला होता, आईवडिलांना ई-मेल करता यावी म्हणून. पण त्याचा खरा मालक बाबाच झाले होते. त्यांचा एक शाळेपासूनचा दोस्त शिकागोला स्थायिक झालेला होता. घरात त्यांचा उल्लेख चाचा असाच व्हायचा. हे दोघं ई-मेलमधून बुद्धिबळ खेळत. आज बाबांची एक चाल जायची, उद्या-परवा चाचांचं उत्तर यायचं, सोबत रोमन लिपीत लिहिलेले उर्दूतले टोमणे. 'मियाँ, घोड़ा सँभालो, वज़ीर की फ़िक्र बाद में.' बाबा ते मोठ्यानं वाचून दाखवायचे, मग जेवणाच्या टेबलावर कायम मांडलेल्या पटावर ती चाल करायचे, आणि सासूबाई पोळ्यांचा डबा पटाच्या कडेकडेनं सरकवत ठेवायच्या. संपलेले सगळे डाव बाबांनी कॉम्प्युटरवर नीट टाइप करून ठेवले होते. ते त्यांचं वैभव होतं.

मी इकडे नोकरी शोधत होते. पुण्याची नोकरी लग्नामुळे सोडली होती आणि हैदराबादला तर म्हणे नोकऱ्यांचा सुकाळ होता. बेगमपेठच्या एका ऑफिसात मुलाखत छान चालली होती. मग त्या गृहस्थांनी विचारलं, "युनिक्सवर काम केलंय?"

"कॉलेजात थोडंसं," मी म्हणाले.

"एखादं मशीन स्वतः उभं केलंय? म्हणजे कोऱ्या डिस्कपासून?"

"नाही."

ते हसले, चांगल्या मनानंच हसले, आणि म्हणाले, "मग ते करा आणि परत या. तुम्ही याल तेव्हा जागा असेलच, इतकी कामं आलीत."

परतीच्या बसमध्ये राग आला, मग रडू आलं, आणि तारनाका येईपर्यंत दोन्ही ओसरून डोक्यात एकच विचार राहिला. एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी फुकट आली होती आणि ती माझ्या बॅगेत पुण्यापासून पडून होती. लिनक्स म्हणजे युनिक्सचंच भावंड, घरच्या कॉम्प्युटरवर चालणारं. यंत्र घरात होतंच.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"माझ्या डिस्कवर?"

"थोडी जागा करून तिथेच..."

"नक्को बेटा," ते म्हणाले. "तू दुसरं काहीही कर. माझ्या डिस्कला हात नको लावू."

आवाज चढलेला नव्हता, पण विषय संपला होता. सासूबाई आतून म्हणाल्या, "मग तिला वेगळी डिस्क आणून द्या की. दोन बसतात ना त्याच्यात?" त्यांना हे कुठून माहीत होतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी स्कूटर काढली. मी मागे बसले, आणि आम्ही सिकंदराबादच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या गल्लीत गेलो. जिन्यापर्यंत खोकी रचलेली दुकानं, आत सोल्डरिंगचा वास. दुकानदारानं डिस्क हातात ठेवली आणि मागचे टोकदार पिनांचे दात आणि त्यांवर बसवायची इवलीशी टोपी दाखवून म्हणाला, "मॅडम, ये जंपर देखके लगाना. एक मास्टर, एक स्लेव्ह. दोनों मास्टर हुए तो मशीन उठताच नै."

जेवताना बाबांनी हे सासूबाईंना समजावून सांगितलं. पहिली डिस्क मास्टर, दुसरी स्लेव्ह. सासूबाईंनी वाढता वाढता हात थांबवला.

"स्लेव्ह म्हणजे गुलाम ना? आणि ती डिस्क सुनेची?"

"अगं, कंपनीनंच नावं ठेवलीत तशी."

"कंपनीला काय कळतंय," त्या म्हणाल्या. "आपल्या घरात ती थोरली आणि ही धाकटी."

तेच रूढ झालं. थोरलीवर विंडोज आणि बाबांचे डाव, धाकटीवर लिनक्स आणि मी.

धाकटीवर लिनक्स चढवायला मला एक अख्खी दुपार लागली. सगळ्यात शेवटी त्यानं विचारलं, यंत्र सुरू होताना मला हाक मारणारा छोटा प्रोग्राम कुठे लिहू? पहिल्या डिस्कच्या अगदी आरंभी, की फ्लॉपीवर? फ्लॉपी किंवा सीडी आत नसेल तर यंत्र चालू झालं की ते सगळ्यात आधी पहिल्या डिस्कचा आरंभ वाचतं आणि तिथे जे सापडेल त्याच्या हवाली होतं. धाकटीकडे ते आपणहून बघतही नाही. काही यंत्रांत ते बदलता येई, आमच्यात तशी सोय नव्हती. पण बाबांना शब्द दिलेला होता. मी फ्लॉपी निवडली.

मग माझा दिनक्रम बसला. सकाळी बाबांची चाल जायची. दुपारी ते वामकुक्षीला गेले की मी फ्लॉपी सरकवायची, यंत्र सुरू करायची, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागायच्या. बाहेर जवळच्याच युनिव्हर्सिटीच्या झाडांवरून पोपटांचे थवे जायचे, सासूबाई बेगम बाजारातून आणलेल्या मिरच्या गच्चीवर उलटत असायच्या, पंखा कुरकुरत असायचा. मी एकेक आज्ञा टाइप करून बघायची, बिघडवायची, दुरुस्त करायची. नवऱ्याविना गेलेले ते महिने मला एकटेपणाचे म्हणून आठवायला हवेत. मला आठवतो तो मिरच्यांचा खकाणा आणि त्या ओळी.

बाबा कधी मध्येच उठून यायचे, मागे उभे राहून बघायचे. "इतकं काय लिहितंय हे सुरू होताना?"

"घरात काय काय आहे ते मोजतंय बाबा. कीबोर्ड आहे, माउस आहे, दोन डिस्का आहेत."

"आमच्या स्टेशन मास्तरासारखं. चार्ज घेताना कंदिलासकट सगळं मोजून घ्यायचा."

आणि एक दिवस फ्लॉपी मेली. फ्लॉप्या मरायच्याच तेव्हा. आत खर्र-खर्र असा आवाज, मग पडद्यावर एक ओळ, आणि पुढे काही नाही. सीडीवरून मी कशीबशी धाकटीत शिरले, नवी फ्लॉपी बनवली, तीही थोड्या दिवसांत गेली. हे असं चालणार नव्हतं. तो हाक मारणारा प्रोग्राम दारावरच्या पाटीसारखा थोरलीच्या आरंभीच लावायला हवा होता.

मी पुन्हा बाबांकडे गेले. या वेळी मी कागदावर चित्र काढून नेलं होतं. दोन चौकोन काढले. पहिल्या चौकोनाच्या उंबऱ्यावर छोटासा ठिपका. "बाबा, तुमच्या सामानाला काही होणार नाही. फक्त दारातला माणूस बदलायचा. तो विचारेल, कुणाकडे जायचंय? काही बोललं नाही तर तुमच्याकडेच नेईल."

त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं. "सांधा बसवायलीस म्हण की. गाडी या रुळावर घ्यायची का त्या."

"हो. तसंच."

"सांधा नीट बसला नाही तर गाडी कुठंच जात नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

बाबा सासूबाईंकडे बघायला लागले. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघताय? शाळेत मुलं पहिल्यांदा बोरू धरायची तेव्हा शाई सांडायचीच. म्हणून काय बोरू दिलाच नाही?"

"हौ," बाबा म्हणाले. "कर."

मी सगळं तीनतीनदा तपासलं. फाइलीत लिहिलं: पाटी थोरलीवर, लिनक्स धाकटीवर, काही न बोलल्यास विंडोज. आज्ञा दिली. दोन्ही नावं नोंदवल्याचं उत्तर आलं. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले होते. मी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं.

त्या प्रोग्रामचं नाव लिलो. सुरू होताना तो आपल्या नावाची चार अक्षरं एकेक करून उमटवतो. प्रत्येक अक्षर म्हणजे त्याचं एक पाऊल पुढे पडलं. पडद्यावर एल आलं. आय आलं.

आणि थांबलं.

आम्ही वाट पाहिली. कर्सर नुसता लुकलुकत होता. पुन्हा सुरू केलं. एल, आय. पुन्हा केलं. एल, आय. लिनक्स नाही की विंडोज नाही.

"माझे डाव गेले?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. आत आहेत सगळे. दार उघडत नाहीये फक्त."

ते उठले, चपला घातल्या आणि युनिव्हर्सिटीकडे फिरायला निघून गेले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मी तिथेच बसून राहिले. सासूबाईंनी चहा आणून ठेवला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अर्धंच नाव सांगतोय. लाजतोय वाटतं." मला हसूही येईना.

बाबा दिवेलागणीला आले. हातपाय धुऊन थेट जेवणाच्या टेबलाशी गेले आणि पटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उद्या सकाळी त्या नाक्यावरच्या इंटरनेटच्या दुकानात जाऊ. मला चाल पाठवायचीच आहे. आणि माझ्या दोस्ताची मुलगी तिकडे हेच काम करते. युनिक्सचं. तिला विचारू."

मला हे माहीतच नव्हतं. इतके महिने त्या दोघांचे टोमणे ऐकले होते, पण चाचांना मुलगी आहे आणि ती हे काम करते, ते कधी बोलण्यात आलं नव्हतं.

सकाळी आम्ही गेलो. प्लायवूडच्या कप्प्यांत कॉलेजची पोरं खेटून बसलेली, आणि त्यांच्यात इस्त्रीचा शर्ट घातलेले बाबा. पट घरी होता, पण चाल त्यांच्या डोक्यात होती. त्यांनी एका बोटानं टाइप केली. मग मला म्हणाले, "आता तू सांग, मी लिहितो." मी म्हटलं, मीच लिहिते, लवकर होईल. "नको. तो माझा दोस्त आहे. मी मागणार."

मग मी सांगत गेले आणि बाबा रोमन उर्दूत लिहीत गेले. काय झालं, कुठे थांबतं, डिस्क केवढी आहे. शेवटी त्यांनी स्वतःच्या मनानं एक ओळ घातली. मी वाकून वाचली. 'बच्ची होशियार है, बस रास्ता अटक गया है. बिटिया से कहो जल्दी जवाब दे.'

मी खिडकीबाहेर बघत राहिले. रस्त्यावर एक बस उभी होती आणि कंडक्टर "उप्पल, उप्पल" असं ओरडत होता.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. वर चाचांची चाल आणि नेहमीचा टोमणा. खाली त्यांच्या मुलीचं इंग्रजी, सरळ आणि नेमकं. घाबरू नकोस, असं तिनं पहिल्याच वाक्यात लिहिलं होतं. एल आणि आय आलं म्हणजे पाटी जागेवर बसली आहे, पण पुढचं सामान तिला सापडत नाहीये. जुन्या यंत्रांना मोठ्या डिस्कचा फक्त सुरुवातीचा भाग दिसतो, आणि तुझं सामान त्या हद्दीपलीकडे जाऊन पडलं असणार. आधी विंडोजच्या फ्लॉपीवरून जुनी पाटी परत लाव, काकांचे डाव काकांना दे. मग दुसऱ्या डिस्कच्या अगदी तोंडाशी एक छोटा कप्पा कर, सुरू व्हायला लागणारं तेवढंच त्यात ठेव. बाकी कुठेही असू दे. खाली तिनं लिहिलं होतं, माझंही पहिल्यांदा इथेच अडलं होतं, आणि मी आठवडाभर कुणाशी बोलले नव्हते.

यंत्र देताना दुकानदारानं एक फ्लॉपी दिली होती, ती सासूबाईंनी शिवणाच्या डब्यात जपून ठेवली होती. तिच्यावरून एक आज्ञा दिली आणि विंडोजचे ढग पडद्यावर आले. बाबांनी आधी आपले डाव उघडून पाहिले. पहिला, मधला, शेवटचा. मग खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"आता धाकटीचं बघ."

मला वाटलं होतं, ते आता नको म्हणतील. मी तसं बोलूनही दाखवलं.

"का?" ते म्हणाले. "रस्ता कळला ना आता?"

धाकटी मी पूर्ण कोरी केली. तोंडाशी छोटा कप्पा, मग बाकीची जागा, सगळं पुन्हा पहिल्यापासून. दुपार उलटून गेली. सासूबाई मिरच्या भरून खाली आल्या आणि पदराला हात पुसत आमच्या मागे उभ्या राहिल्या. पाटी थोरलीवर लिहून झाली. यंत्र बंद केलं.

"मी दाबू?" बाबांनी विचारलं.

त्यांनी बटण दाबलं. एल. आय. पंख्याचा आवाज एकदम मोठा वाटला. मग दुसरं एल आलं, ओ आलं, आणि पुढे दोन टिंबं. लिलो विचारत होता, कुणाकडे?

"नाव लिहा बाबा."

त्यांनी एका बोटानं, कीबोर्डवर अक्षरं शोधत, लिनक्स असं लिहिलं. ओळी धावायला लागल्या. कीबोर्ड आहे, माउस आहे, दोन डिस्का आहेत.

सासूबाई म्हणाल्या, "लाज गेली एकदाची," आणि शिरा करायला आत गेल्या.

बेगमपेठच्या त्या गृहस्थांकडे मी पुन्हा गेले. जागा होती. त्यांनी विचारलं, मशीन सुरू होतं तेव्हा नक्की काय काय होतं? मी बोलत सुटले. थोरली आणि धाकटी हे शब्द तोंडून निसटले, तेव्हा त्यांनी काही न समजून माझ्याकडे पाहिलं. मी मास्टर आणि स्लेव्ह असं दुरुस्त केलं. नोकरी मिळाली.

पण त्या नोकरीपेक्षा मला नंतरची वर्षं आठवतात ती घरातली. लिनक्सच्या सीडीत बुद्धिबळाचा एक प्रोग्राम निघाला, तो मी बाबांना लावून दिला. तो त्यांना सतत हरवायचा. ते चिडायचे, यंत्र बंद करायचे, थोड्या वेळानं परत लिलोपाशी बसून लिनक्सचं नाव टाइप करायचे. मी ऑफिसातून आले की धाकटीच चालू असायची. नवरा सिंगापूरहून परत आला तेव्हा पहिल्या सकाळी त्यानं कॉम्प्युटर लावला, पडद्यावरच्या त्या दोन टिंबांकडे बघत बसला आणि हाक मारली, "अगं, हे काय विचारतंय?" बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "कुणाकडे जायचंय ते सांग की त्याला."

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. तारनाक्याचं घरही पुढे पाडून तिथे फ्लॅट झाले. आता ऑफिसात माझ्या हाताखाली शेकडो यंत्रं आहेत. ती कुठल्याशा दूरच्या इमारतीत आपली आपण सुरू होतात आणि मला त्यांचं तोंडही दिसत नाही. माझ्या हाताखालच्या मुलींना मी लिलोबद्दल सांगते तेव्हा त्या आदरानं ऐकून घेतात, जशा आम्ही रॉकेलच्या स्टोव्हच्या गोष्टी ऐकायचो.

लिलो सुरू झाला त्याच वर्षीच्या थंडीत चाचा हैदराबादला आले होते, मुलीला घेऊन. ती माझ्याच वयाची निघाली. शिकागोत वाढलेली, पण तिची दखनी उर्दू तारनाक्यातल्या कुणाइतकीच अस्सल. सासूबाईंनी तिला माझ्याबरोबर बेगम बाजारात पाठवलं, वेलदोडे आणि खजूर आणायला. गर्दीत तिनं माझा हात घट्ट धरला होता. दोन हातगाड्यांमधून वाट काढता काढता ती मला तिच्या पहिल्या नोकरीबद्दल सांगत होती.

आम्ही परतलो तेव्हा दोन्ही म्हातारे पटावर बसले होते, आणि त्यांचं जोरदार भांडण चाललं होतं. ई-मेलमधला चालू डाव ते समोरासमोर संपवणार होते, पण पटावरचा एक घोडा चुकीच्या घरात उभा आहे, असं चाचा म्हणत होते आणि बाबांना ते मान्य नव्हतं.

"मियाँ, तुमने ख़ुद लिक्खा था!"

"हौ, लिक्खा, पर वहाँ नै लिक्खा!"

कॉम्प्युटरवर बघून घ्या, असं आम्ही दोघींनी एकदमच म्हटलं. तेवढ्यात दिवे गेले. सासूबाईंनी मेणबत्ती आणून पटाच्या कडेला ठेवली. म्हातारे एकमेकांच्या अंगावर वाकून सुरुवातीपासून एकेक चाल आठवायला लागले, आणि दर दुसऱ्या चालीला पुन्हा भांडायला लागले. पानं वाढली आहेत, असं सासूबाईंनी दोनदा सांगितलं. कुणीच उठलं नाही. शेवटी त्याही खुर्ची ओढून बसल्या आणि चाचांना म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. घोडा तुम्ही म्हणता तिथंच होता. मी रोज पट पुसायचे."